पाहणाऱ्याचा हात

कुस्तीच्या फडात सगळ्यांचे डोळे मल्लांवर असतात. पण कधीतरी मान वळवून बघणाऱ्यांकडे बघावं. आखाड्यात एकानं पट काढायला हात घातला, की कडेला मांडी घालून बसलेल्या माणसाचा खांदा आपसूक खाली येतो. बाळाला घास भरवणारी आई घास पुढे करता करता स्वतःच तोंड उघडते. क्रिकेटच्या शेवटच्या षटकात दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या माणसाचा पाय चेंडू अडवायला पुढे सरकतो, आणि तो सरकला हे त्याला कळतही नाही. हे सगळं इतकं सवयीचं आहे, की यात काही कोडं आहे असं आपल्याला वाटतच नाही. पण कोडं आहे. हालचाल करतोय तो. मग माझ्या खांद्याला, माझ्या पायाला काय झालं?

या साध्या प्रश्नाचा इतिहास मला आज सांगायचा आहे. तो अडीचशे वर्षांहून जुना आहे. गेल्या तीस वर्षांत मात्र त्याला असा काही वेग आला, की ‘मिरर न्यूरॉन’ हा शब्द प्रयोगशाळेतून निघून व्यवस्थापनाच्या शिबिरांत, पालकांच्या मेळाव्यांत आणि उपचारांच्या जाहिरातींत जाऊन बसला. मी बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. एवढ्या थोड्या काळात एवढा पसरलेला दुसरा शोध मला आठवत नाही. म्हणून तो खरोखर केवढा आहे, हे एकदा नीट मोजून बघायला हवं. शोध मोठाच आहे, पण त्याच्या नावावर जे जे खपवलं गेलं ते सगळं त्यातलं नाही.

सुरुवात करू या ॲडम स्मिथपासून. अर्थशास्त्राचा जनक म्हणून आपण त्याला ओळखतो. पण त्याचं पहिलं पुस्तक पैशाबद्दल नव्हतं, ते नीतिभावनांबद्दल होतं. १७५९ सालच्या त्या ग्रंथात त्यानं एक निरीक्षण नोंदवलं आहे. आपल्याकडच्या डोंबाऱ्यासारखा एखादा कसरतपटू ढिल्या दोरीवर तोल सावरत असतो, तेव्हा खाली उभी असलेली गर्दीही त्याच्यासारखीच अंग वळवते, तोल सावरते. कुणाच्या पायावर काठी पडणार असं दिसलं, की आपण आपलाच पाय आखडून घेतो. स्मिथचं म्हणणं असं, की आपण मनानं त्याच्या जागी जाऊन उभे राहतो, आणि शरीर मनाच्या मागोमाग जातं. दुसऱ्याचं दुःख आपल्याला कळतं त्याचं मूळ त्यानं इथंच शोधलं.

पुढे १८५२ साली जर्मन तत्त्वज्ञ हेर्मान लोत्से यानं हीच गोष्ट वैद्यकाच्या अंगानं मांडली. बिलियर्ड्सचा चेंडू मारणाऱ्याकडे किंवा तलवारीचा वार करणाऱ्याकडे बघणाऱ्या माणसाचा हातही बारीकसा हलतो, असं त्यानं लिहिलं. त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम कारपेंटर हा शरीरशास्त्रज्ञ एका वेगळ्याच उद्योगाचा छडा लावत होता. त्या काळी युरोपात टेबलाभोवती हात ठेवून आत्म्यांना बोलावण्याचं वेड होतं. आपल्याकडे पुढे प्लँचेट आलं, त्याचंच हे भावंडं. बसलेले लोक शपथेवर सांगत, की आम्ही टेबल हलवलेलं नाही. कारपेंटर म्हणाला, ते खोटं बोलत नाहीत. हालचालीची नुसती कल्पना मनात आली, तरी स्नायूंत तिचा अंश उतरतो, आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो. १८९० साली अमेरिकेत विल्यम जेम्स यानं आपल्या मानसशास्त्राच्या दोन खंडांच्या ग्रंथात या विचाराला सिद्धान्ताचं रूप दिलं. हालचालीचा विचार म्हणजेच हालचालीची सुरुवात, असा त्याचा आशय. ती पूर्ण होत नाही, कारण दुसरा कुठलातरी विचार तिला अडवतो.

पण हे सगळं निरीक्षण आणि तर्क. मेंदूत नक्की काय घडतं, हे पाहण्याची सोय या मंडळींजवळ नव्हती. ती वाट उघडली १८७० साली बर्लिनमध्ये. गुस्ताव फ्रित्श आणि एडुआर्ड हित्सिग या दोन तरुण डॉक्टरांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा हलका स्पर्श केला. प्रयोगशाळा मिळाली नाही, म्हणून हे प्रयोग हित्सिगच्या घरीच झाले. मेंदूच्या पुढच्या भागात एका ठिकाणी तार टेकवली की पुढचा पाय हले, दुसऱ्या ठिकाणी टेकवली की मागचा. हालचालीचं केंद्र सापडलं होतं. डेव्हिड फेरियर या स्कॉटिश डॉक्टरनं पुढच्याच काही वर्षांत माकडांच्या मेंदूवर असेच नकाशे काढले. १९३७ साली कॅनडातल्या माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदानं शस्त्रक्रियेसाठी आलेल्या, जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूवरून माणसाचा नकाशा प्रसिद्ध केला. इथे अंगठा, इथे ओठ, इथे पाऊल.

या नकाशांनी फार मोठं काम केलं. पण त्यांतून एक चित्र पक्कं होऊन बसलं. मेंदू म्हणजे एक सरकारी कचेरी. एका टेबलावर आवक टपाल येतं. डोळ्यांनी, कानांनी, त्वचेनं पाठवलेलं. ते मधल्या खोल्यांतून साहेबाकडे जातं, साहेब विचार करतो, शेरा मारतो, आणि मग जावक टेबलावरून स्नायूंना हुकूम सुटतो. आवकचा कारकून जावकच्या कामात लक्ष घालत नाही आणि जावकचा कारकून आलेलं पत्र वाचत नाही. विद्यार्थ्यांना संवेदी चेता आणि प्रेरक चेता शिकवताना आम्हीही असंच दोन रंगांत चित्र काढत असू. या चित्रात कुस्ती बघणाऱ्याच्या खांद्याला जागाच नव्हती.

या भिंतीला पहिली फट पाडली ती फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या आंरी गास्तो यांनी. गास्तो अपस्माराचे मोठे तज्ज्ञ. मेंदूचा विद्युत आलेख, म्हणजे ईईजी, हे त्यांचं रोजचं हत्यार. माणूस स्वस्थ बसलेला असताना मेंदूच्या हालचालीच्या पट्ट्यावरून सेकंदाला दहाच्या आसपास अशा, कमानींच्या ओळीसारख्या दिसणाऱ्या लहरी निघतात, आणि त्यानं हात हलवला की त्या थांबतात, हे त्यांना ठाऊक होतं. १९५४ साली गास्तो आणि त्यांचे सहकारी बेर यांनी लोकांना चित्रपट दाखवत दाखवत त्यांचे आलेख घेतले. पडद्यावर मुष्टियुद्ध सुरू झालं, आणि खुर्चीत निवांत बसलेल्या प्रेक्षकांच्या त्या लहरी थांबल्या. जणू हात तेच चालवत होते. गास्तोंनी लिहून ठेवलं, की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षक एकरूप होतो तेव्हा हे घडतं. हा निबंध छापला गेला आणि पुढची चाळीसेक वर्षं त्याची फारशी आठवण कुणी काढली नाही.

आता आपण इटलीतल्या पार्मा या शहरात येऊ. तिथल्या विद्यापीठात जाकोमो रिझोलाटी यांचा गट माकडांच्या मेंदूवर काम करत होता. आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांचे आग्नेय आशियातले भाऊबंद म्हणावेत अशी ही माकडं. प्रश्न साधा होता : वस्तू उचलताना हाताला हुकूम कसे जातात? मेंदूच्या पुढच्या भागातल्या ‘एफ ५’ नावाच्या एका छोट्या प्रदेशात ते केसासारखी बारीक तार सरकवत, आणि एकेका पेशीचं बोलणं ऐकत. ‘ऐकत’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. पेशी पेटली की होणारा विजेचा ठोका वर्धकातून ध्वनिक्षेपकावर सोडतात, आणि खोलीत तडतड असा आवाज येतो. १९८८ पर्यंत त्यांना एवढं कळलं होतं, की या पेशींना स्नायूंपेक्षा काम कळतं. एक पेशी चिमटीनं उचलताना पेटे, दुसरी मुठीनं धरताना. काही पेशी तर वस्तू हातानं धरली काय किंवा तोंडानं धरली काय, दोन्ही वेळा पेटत. जणू तिथे हालचालींचा एक शब्दकोशच ठेवलेला होता.

आणि मग ते घडलं. प्रयोगाच्या मध्ये संशोधक माकडासाठी खाऊचा तुकडा उचलत किंवा पेटीत ठेवत. माकड स्वस्थ बसलेलं. त्याचा हात हललेला नाही, स्नायूंच्या नोंदीतही काही नाही. तरी ध्वनिक्षेपक तडतडला. जी पेशी माकडानं स्वतः उचलताना पेटत होती, तीच संशोधकानं उचललेलं बघून पेटली. जावक टेबलावरचा कारकून आवक टपाल वाचताना सापडला होता!

ही गोष्ट पुढे हजार तोंडांनी सांगितली गेली. कुणी म्हणतं संशोधक आइसक्रीम खात आत आला, कुणी म्हणतं शेंगदाणे होते, कुणी म्हणतं केळं. शोधांच्या भोवती अशा कहाण्या जमतातच. १९९२ सालच्या मूळ निबंधात आइसक्रीम नाही. संशोधकांचे हात खाऊ उचलताना आणि ठेवताना दिसले, की या भागातल्या बऱ्याच पेशी जाग्या होतात असं योगायोगानं लक्षात आलं, एवढंच तिथं सरळ शब्दांत लिहिलं आहे. पहिली शंका अर्थातच अशी, की माकड लपूनछपून हात हलवत असेल, किंवा खाऊ मिळणार म्हणून उत्तेजित होत असेल. ती तपासण्यात वेळ गेला. नुसती वस्तू दाखवली तर पेशी गप्प, नुसता रिकामा हात हलवला तरी गप्प. हात आणि वस्तू यांची गाठ पडली की मात्र पेशी पेटते, हे पक्कं झाल्यावरच त्यांनी लिहायला घेतलं. रिझोलाटींनी पुढे सांगितलं आहे, की हा निबंध आधी ‘नेचर’ या नामांकित नियतकालिकाकडे पाठवला होता, पण सर्वसाधारण वाचकांना यात रस वाटणार नाही अशा अभिप्रायानं तो परत आला. मग तो मेंदूसंशोधनाच्या एका खास नियतकालिकात छापला गेला. दि पेलेग्रिनो, फादिगा, फोगासी, गालेझे आणि रिझोलाटी अशी पाच नावं त्यावर आहेत.

‘मिरर न्यूरॉन’ हे नाव १९९६ साली आलं. आपण त्यांना आरसापेशी म्हणू. त्या वर्षीच्या विस्तृत निबंधात आकडे आहेत : दोन माकडं, ५३२ पेशी तपासल्या, त्यांतल्या ९२ आरसापेशी निघाल्या. म्हणजे साधारण सहांत एक. हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. या प्रदेशातल्या बहुसंख्य पेशी आपलं नेहमीचंच काम करत होत्या. आरसापेशींतही जेमतेम एक-तृतीयांश अशा होत्या, की जे पाहिलं आणि जे केलं ते तंतोतंत जुळावं. बाकीच्यांचं जुळणं ढोबळ होतं. आरशाची उपमा मोहक आहे, पण हा आरसा बराचसा धूसर होता.

त्यानंतरचे प्रयोग एकाहून एक चतुर. २००१ साली या गटानं वस्तू पडद्याआड ठेवली. माकडाला ती तिथे आहे हे ठाऊक, पण पकडण्याचा शेवटचा क्षण दिसत नाही. तरी अनेक पेशी पेटल्या. पडद्यामागे वस्तू नाही हे माकडाला माहीत असेल, तर हाताची तीच हालचाल बघूनही त्या गप्प राहिल्या. २००२ साली कागद फाडण्याचा, शेंग फोडण्याचा नुसता आवाज ऐकवला, आणि ते काम करताना पेटणाऱ्या काही पेशी आवाजानंही पेटल्या. २००५ साली मेंदूच्या दुसऱ्या एका भागात अशा पेशी सापडल्या, ज्या उचलून तोंडात घालण्यासाठीचं उचलणं आणि उचलून डब्यात टाकण्यासाठीचं उचलणं यांत फरक करत होत्या. पहिली हालचाल तीच, पुढचा हेतू वेगळा.

माणसाचं काय? माणसाच्या मेंदूत अशी तार घालता येत नाही. लुचियानो फादिगा यांनी १९९५ साली वेगळी युक्ती केली. डोक्याबाहेरून चुंबकाचा क्षणिक झटका देऊन मेंदूचं हालचालीचं केंद्र जागं करता येतं, आणि हाताचा स्नायू किती आखडला ते मोजता येतं. समोर कुणी वस्तू उचलत असेल, तर तेवढ्याच झटक्यानं बघणाऱ्याचा स्नायू जास्त आखडत होता. आणि आखडत होते ते स्नायू तेच, जे ते काम करताना लागतात. हात तयारीत होता, फक्त निघाला नव्हता. लोत्सेनं १८५२ मध्ये बिलियर्ड्सच्या टेबलाभोवती जे पाहिलं, ते आता यंत्रावर मोजता येत होतं. मग लोकांना गास्तोंच्या त्या मुष्टियुद्धाचीही आठवण झाली.

मला यातले सर्वांत आवडते प्रयोग नर्तकांचे. २००५ साली लंडनमध्ये बीट्रिझ काल्व्हो-मेरिनो आणि सहकाऱ्यांनी बॅले करणाऱ्यांना आणि ब्राझीलचा कापोएरा करणाऱ्यांना दोन्ही नृत्यांच्या चित्रफिती दाखवल्या आणि एफएमआरआय यंत्रानं त्यांचे मेंदू तपासले. प्रत्येकाचा मेंदू आपल्या नाचाला जास्त उठला. यावर कुणी म्हणेल, की आपला नाच रोज बघण्यात असतो म्हणून. त्याचं उत्तर पुढच्या वर्षी मिळालं. बॅलेत काही हालचाली फक्त पुरुष करतात, काही फक्त स्त्रिया. सराव एकत्र होतो, त्यामुळे दोघांनीही एकमेकांच्या हालचाली हजारदा पाहिलेल्या असतात, केलेल्या मात्र नसतात. तरी मेंदूच्या हालचालीच्या भागांनी जास्त प्रतिसाद दिला तो स्वतः केलेल्यांनाच. २००८ साली रोममध्ये साल्व्हातोरे अग्लिओती यांनी बास्केटबॉलच्या खेळाडूंना चेंडू फेकण्याची चित्रफीत मध्येच थांबवून विचारलं, की चेंडू जाळीत जाईल का? चेंडू हातातून सुटण्याआधीच खेळाडू बरोबर सांगू लागत. वर्षानुवर्षं सामने बघणारे प्रशिक्षक आणि क्रीडा-पत्रकार त्यांच्या मागे राहिले. ज्यानं केलं आहे, त्याला दिसतंही जास्त. संगीत, कुस्ती, मातीकाम शिकवणाऱ्या उस्तादांना यात नवल वाटणार नाही.

इथपर्यंत सगळं सुंदर होतं. पण शोधाला पाय फुटले होते. २००० साली कॅलिफोर्नियातले प्रसिद्ध मेंदूतज्ज्ञ, मूळचे तमिळनाडूचे विलायनूर रामचंद्रन यांनी भाकीत केलं, की डीएनएनं जीवशास्त्रासाठी जे केलं ते आरसापेशी मानसशास्त्रासाठी करतील. भाषा कशी आली, माणूस अनुकरण कसं शिकला, संस्कृती कशी पसरली, या सगळ्याचं मूळ त्यांना इथं दिसू लागलं. २००९ साली म्हैसूर इथल्या व्याख्यानात तर त्यांनी या पेशींना गांधींचं नाव दिलं, कारण आपण आणि दुसरा यांतली भिंत त्या पाडतात. रामचंद्रन यांची कल्पकता आणि वाणी दोन्ही मोठी. पण माकडानं शेंगदाणा उचलताना पेटलेली पेशी आणि महात्म्याची करुणा यांच्यात फार लांबचा रस्ता आहे, आणि तो रस्ता कुणी चालून पाहिलेला नव्हता.

सगळ्यांत नाजूक जागा होती स्वमग्नतेची. काही स्वमग्न मुलांना दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं जड जातं, अनुकरण जड जातं. मग त्यांच्या आरसापेशीच बिघडलेल्या असतील का? तर्क आकर्षक होता. २००५ साली रामचंद्रन यांच्या गटानं गास्तोंच्याच लहरी मोजून त्याला पुष्टी मिळते असं म्हटलं, आणि पुढच्याच वर्षी ‘फुटके आरसे’ अशा अर्थाच्या मथळ्याचा त्यांचा लेख लोकप्रिय विज्ञानमासिकात आला. आता इतरांनी तेच प्रयोग करून पाहिले. कुणाला फरक दिसला, अनेकांना दिसला नाही. २०१३ साली लंडनच्या अँटोनिया हॅमिल्टन यांनी तोवरचे सगळे प्रयोग मांडून निष्कर्ष काढला, की स्वमग्न व्यक्तींची आरसायंत्रणाच मुळात बिघडलेली असते या म्हणण्याला फारसा आधार नाही.

पण मथळा जेवढा पसरला, तेवढा हा निष्कर्ष पसरला नाही. एका व्याख्यानानंतर एक आई माझ्याकडे आली. तिच्या हातात कुठल्याशा उपचारवर्गाचं रंगीत पत्रक होतं. आरसापेशी दुरुस्त करून देण्याचं आश्वासन, आणि खाली शुल्क. तिनं मला विचारलं, ‘सर, माझ्या मुलात आरसाच नाही का हो?’ ज्या मुलाला ती हसताना, रुसताना, तिच्या पदराशी खेळताना रोज बघते, त्याच्यात दुसऱ्याचं प्रतिबिंब पडतच नाही, असं तिला कुणीतरी विज्ञानाच्या नावानं सांगितलं होतं. मी तिला एवढंच सांगितलं, की असं सिद्ध झालेलं नाही. जो उपचार घ्यायचा तो मुलात दिसणाऱ्या बदलावर पारखून घ्या, पत्रकातल्या शब्दावर नको. शास्त्रातली अतिशयोक्ती निरुपद्रवी असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते पत्रक बघायला हवं होतं.

शास्त्राच्या आतूनही टीका सुरू झाली होती. भाषा आणि मेंदू यांचे अभ्यासक ग्रेगरी हिकॉक यांनी २००९ साली आरसापेशींच्या सिद्धान्तातल्या आठ अडचणी मांडल्या आणि २०१४ साली त्यावर पुस्तकच लिहिलं. त्यांचा मुद्दा असा, की पेशी पेटली हे खरं, पण ती पेटल्यामुळेच कृती समजते हे कशावरून? आपल्याला भुंकता येत नाही, तरी कुत्र्याचं भुंकणं आपल्याला कळतं. उडता येत नाही, तरी घार झेपावली हे कळतं. आणि ज्या माकडांत या पेशी सापडल्या, ती माकडं अनुकरणात फारशी हुशार नाहीत. २०१६ साली जिल व्हानुस्कोर आणि अल्फोन्सो कारामाझ्झा यांनी जन्मतःच हात नसलेल्या किंवा फार अपुरे हात असलेल्या पाच जणांची परीक्षा घेतली. हातांच्या कृती ओळखण्यात ते इतरांइतकेच चपळ आणि अचूक निघाले. ज्यानं कधी मूठ वळली नाही, त्यालाही दुसऱ्याची मूठ कळते.

दुसरा प्रश्न विचारला ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिसिलिया हेज यांनी. या पेशी जन्मजात असतात, की घडतात? आपण हात हलवतो तेव्हा तो हलताना आपल्यालाच दिसतो. आई आपली नक्कल करते, आपण तिची. करणं आणि दिसणं हजारदा एकत्र येतं आणि त्यांची गाठ बसते. हे खरं असेल, तर गाठ उलटीही बांधता यायला हवी. २००७ साली कॅरोलाइन कॅटमर आणि हेज यांनी ती बांधून दाखवली. समोरच्यानं तर्जनी हलवली की तुम्ही करंगळी हलवायची, करंगळी हलवली की तर्जनी, असा सराव लोकांकडून करून घेतला. त्यानंतर तर्जनी हलताना नुसती बघितली तरी त्यांच्या करंगळीचा स्नायू तयारीत येऊ लागला. आरसा जन्मतःच घोटून ठेवलेला नसतो, तो वापरानं घडतो, असं यावरून दिसतं. रिझोलाटींच्या बाजूनं २०१० साली उत्तर आलं, की कृती समजण्याचे इतर मार्ग आहेतच, पण ती आतून समजण्याचा हा एक खास मार्ग आहे. हा वाद दोन्ही बाजूंनी सभ्यपणे चालला, हेही सांगायला हवं.

वादाच्या धुळीत काही नव्या गोष्टीही सापडल्या. आपण बघितलेलं सगळं करत का सुटत नाही, हा प्रश्न जेम्सपासून पडून होता. २००९ साली लंडनमध्ये अलेक्झांडर क्रास्कोव्ह आणि रॉजर लेमन यांना माकडांत अशा पेशी मिळाल्या, ज्या थेट मणक्याकडे हुकूम पाठवतात, स्वतः काम करताना पेटतात, आणि दुसऱ्याला बघताना उलट दबतात. म्हणजे गाडी सुरू करतानाच ब्रेकवर पाय. २०१० साली अमेरिकेत अपस्माराच्या २१ रुग्णांत, ज्यांच्या मेंदूत उपचारासाठी तारा घातलेल्याच होत्या, ११७७ पेशींच्या नोंदी घेतल्या गेल्या, आणि माणसातही करताना आणि बघताना दोन्ही वेळा बदलणाऱ्या पेशी प्रत्यक्ष सापडल्या. २००८ साली गाणाऱ्या चिमण्यांत स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या सुरांना सारखाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी दिसल्या, आणि २०२३ साली उंदरांत भांडताना आणि भांडण बघताना पेटणाऱ्या पेशी दिसल्या. निसर्गानं ही युक्ती एकदाच आणि फक्त माणसासाठी केलेली नाही.

मग आज हाती काय उरतं? दुसऱ्याची कृती बघताना आपल्या मेंदूचा हालचालीचा भाग जागा होतो, हे पक्कं. तो किती जागा होईल हे आपण काय केलं आहे, काय शिकलो आहोत यावर ठरतं, हेही बरंच पक्कं. २०२२ साली हेज आणि कॅटमर यांनी घेतलेल्या आढाव्यानुसार शरीराच्या हालचालींची नक्कल करण्यात आणि त्या बारकाईनं ओळखण्यात या पेशींचा हातभार आहे, पण दुसऱ्याचे हेतू ओळखण्यासारख्या वरच्या पायरीवरच्या कामात त्यांचा वाटा दिसत नाही. सहवेदना, भाषा, संस्कृती यांच्या किल्ल्या या एका जुडग्यात नाहीत.

एक उपयोग मात्र गाजावाजा न होता पुढे सरकतो आहे. पक्षाघातानं हात लुळा पडलेल्या माणसाला रोजच्या कामांच्या चित्रफिती दाखवायच्या, पेला उचलणं, किल्ली फिरवणं, आणि लगेच ते काम करायला लावायचं, असा प्रयोग जर्मनीत २००७ साली एका लहान गटावर झाला. तुलनेसाठी ठेवलेल्या गटापेक्षा या रुग्णांत जास्त सुधारणा दिसली. नंतरचे असे अनेक प्रयोग एकत्र करून २०२२ साली जो आढावा निघाला, त्यात हाताच्या कामात फायदा दिसतो असं म्हटलं आहे, आणि पुरावा अजून पुरेसा भक्कम नाही असंही म्हटलं आहे. मला हे वाक्य फार आवडतं. त्यात आशा आहे आणि तिची मर्यादाही लिहिलेली आहे. घरात असा रुग्ण असेल, तर ही गोष्ट आपल्या भौतिकोपचार-तज्ज्ञाला जरूर विचारावी. पण बघणं हे करण्याची जागा घेत नाही. चित्रफीत संपली की पेला उचलायचाच असतो.

पार्माच्या त्या खोलीतली तडतड खरी होती. तिनं आवक आणि जावक टेबलांमधली भिंत कायमची पाडली, आणि पुढच्या पिढीला मेंदूचं चित्र वेगळं काढायला लावलं. एका शोधानं एवढं केलं, तरी पुष्कळ झालं. तिच्याकडून माणसाच्या चांगुलपणाचा उगम मागायची गरज नव्हती. आणि कुणाच्या मुलात आरसा नाही असं सांगायचा अधिकार तर तिनं कुणालाच दिलेला नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)